स्टेशनावर ठेवलेली सायकल

मनुष्य घराबाहेर पडतो तेव्हां तो आपल्या मालकीच्या कितीतरी वस्तु दुसऱ्याच्या हवालीं करीत असतो. पण त्याचें भान त्यास नसतें. चपला देवळाच्या दाराशीं राहतात, छत्री कचेरीच्या कोपऱ्यांत राहते, पैसे पेढींत राहतात. पेढीची गोष्ट सोडली तर बाकीच्या ठिकाणीं पावती नाहीं, साक्षीदार नाहीं आणि बहुधा पहारेकरीहि नाहीं. परंतु या सर्वांहून मोठा विश्वास मनुष्य कोठें टाकीत असेल तर तो रेल्वे-स्टेशनाबाहेर. सकाळीं सातच्या गाडीला जाणारा नोकरमाणूस आपली सायकल तेथें उभी करतो, बारा-बारा तास तिच्याकडे पाठ फिरवितो, आणि सायंकाळीं ती त्याच जागीं, चाकांतल्या हवेसकट, आपली वाट पाहात असेल असें खुशाल गृहीत धरतो.

मीं हें छत्तीस वर्षें गृहीत धरलें, आणि तेवढ्या काळांत एकदांच माझी सायकल गेली. ती गोष्ट घरांत सर्वांस ठाऊक आहे. तिचा एक भाग मात्र मीं कोणासहि सांगितला नव्हता. तो सांगण्याचा योग जवळजवळ चाळीस वर्षांनीं, आणि तोहि परदेशांतील एका कुलपामुळें यावा, हें विलक्षणच. पण गोष्ट क्रमानें सांगितलेली बरी.

जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा देऊन मी पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि १९८० सालीं पुण्यांतील एका शाळेंत संस्कृताचा शिक्षक झालों. आमचें एकत्र कुटुंब पुणें-लोणावळें मार्गावरील एका गांवीं राहात असे. गांवाचें नांव मुद्दामच देत नाहीं. ज्यांची हकीकत सांगावयाची त्यांचीं मुलें-नातवंडें अद्याप तेथें नांदत आहेत. पुणें-लोणावळें लोकल १९७८ सालीं सुरू झाली होती, त्यामुळें घर न मोडतां पुण्याची नोकरी करणें आम्हां मावळांतल्या लोकांस नुकतेंच सोपें झालें होतें. पण लोकल धांवते ती स्टेशनापासून स्टेशनापर्यंत. घरापासून आमचें स्टेशन चार किलोमीटर, आणि पलीकडे शिवाजीनगर स्टेशनापासून शाळा तीन किलोमीटर. हें सात किलोमीटरांचें अंतर गाडी तोडीत नाहीं. तें ज्याचें त्यानें तोडावयाचें असतें.

त्यावर माझ्यासारख्या पुष्कळांनीं एकच तोड काढली होती, ती म्हणजे दोन सायकली. घरची सायकल दिवसभर आमच्या स्टेशनावर राही आणि रात्रीं घरीं येई. पुण्याची सायकल दिवसा शाळेच्या आवारांत आणि रात्रभर शिवाजीनगरला राही. म्हणजे एकीला दिवसाची राखण हवी, दुसरीला रात्रीची. पुण्याची सायकल दादाची जुनी, रंग उडालेली. तिच्यावर चोराचीहि दृष्टि पडत नसे. घरची सायकल मात्र नवी होती. वडिलांनीं पोस्टांतून निवृत्त होतांना हातीं आलेल्या पैशांतून ती मला घेऊन दिली होती. काळी, चोवीस इंची ॲटलस, मागें कॅरिअर, पुढें डायनॅमोचा दिवा, आणि मागच्या चाकाला घोड्याच्या नालासारखें कुलूप. त्या कंपनीचा साहिबाबाद येथील शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजीं, नेमक्या जागतिक सायकल-दिनीं बंद पडल्याचें वाचलें, तेव्हां नात्यांतलें कोणी गेल्यासारखें वाटलें.

आमच्या स्टेशनाबाहेर पत्र्याच्या छपराखालीं सायकल-स्टँड होता. रेल्वे अशा जागा ठेक्यानें देते. ठेकेदार दूर कोठें तरी असतो. प्रत्यक्ष राखण करणारा मनुष्य त्याचा पगारी असतो. आमच्या स्टँडवर जे गृहस्थ बसत त्यांस लहानथोर सारे ‘मामा’ म्हणत. रोजच्या गिऱ्हाइकास पत्र्याचा बिल्ला मिळे; त्याच नंबराचा दुसरा बिल्ला सायकलीच्या दांडीला अडकविला जाई. महिन्याचे पैसे भरणाऱ्या आम्हां लोकांस बिल्ला नसे. आमचा बिल्ला म्हणजे आमचें तोंड.

मामांस लिहितां-वाचतां येत नव्हतें, परंतु त्यांच्या स्मरणांत शें-दीडशें सायकली धन्यासह नोंदलेल्या असत. कोणाची सायकल कोणत्या गाडीला निघावयाची हें त्यांस पाठ असल्यामुळें सायंकाळीं ते त्या क्रमानें सायकली लावून ठेवीत. लवकर येणाऱ्यांच्या पुढें, उशिरा येणाऱ्यांच्या मागें. पावसांत सीटवर पिशवी घालीत. चाक बसलेलें दिसलें तर हातपंपानें हवा भरीत. राखणींतली खरी कटकट पुऱ्या सायकलीची नव्हेच. ती नेण्यास धाडस लागतें. घंटीची वाटी, दिव्याचा बल्ब, डायनॅमो, व्हॉल्वची टोपी हे जिन्नस मात्र मुकाट्यानें खिशांत जातात. मामांची नजर सायकलींपेक्षां माणसांच्या खिशांवर अधिक असे, ती याकरितां.

शेवटची सायकल धन्यानें नेली म्हणजे मामा कंदील बारीक करून विडी ओढीत बसत. त्या वेळीं त्यांच्या मुद्रेवर जें समाधान दिसे तें पाहून मला शाकुंतलाचा चौथा अंक आठवे. कन्येला सासरीं पाठविल्यावर कण्वांचें मन परक्याची ठेव परत केल्यासारखें निश्चिंत झालें, असें कालिदासानें वर्णिलें आहे. कण्वांस तें सुख जन्मांत एकदां लाभलें; मामांस तें रोज रात्रीं लाभत असे.

१९८४ च्या श्रावणांतली गोष्ट. पावसानें माझ्या कुलपाची स्प्रिंग गंजली होती. आठ दिवस तें अडत होतें, आणि त्यांत तेल सोडावयाचें मी आठ दिवस उद्यांवर ढकलीत होतों. त्या सकाळीं स्टँडवर पोहोंचतों तों गाडी फलाटाला लागत होती. कुलपाची दांडी दोनदां दाबली, बसेना. अशा कुलपांची मूळची रचना अशी असते कीं, तें उघडें असतांना किल्ली बाहेर निघूं नये. माझें कुलूप झिजलेलें असल्यामुळें किल्ली कशीहि निघे. ती काढून खिशांत टाकली आणि मी धांवलों. ‘मामा, कुलूप लागलेलें नाहीं, लक्ष ठेवा,’ एवढे शब्द ओरडून सांगतां आले असते. सांगितले नाहींत.

सायंकाळीं पावसामुळें गाड्या उशिरा झाल्या आणि दोन गाड्या पाठोपाठ आल्या. स्टँडवर एकच झुंबड उडाली. गर्दींतून वाट काढीत मी आपल्या जागेपाशीं गेलों, तर जागा रिकामी! मामांनीं कंदील घेऊन सगळी रांग दोनदां पाहिली, छपरामागें पाहिलें, पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊन आले. मग माझ्यासमोर उभे राहून त्यांनीं विचारलें, ‘गुरुजी, कुलूप लावलं होतं ना?’

मीं खिशांतून किल्ली काढून त्यांच्यापुढें धरली. ‘ही काय!’ म्हणालों.

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळें वर चाले, आणि अर्धसत्य बोलतांच तो खालीं टेकला, ही कथा मीं किती वर्गांना सांगितली असेल! माझा रथ मुळांत जमिनीवरच होता, म्हणून तो टेकल्याचा आवाज मला ऐकूं आला नाहीं. मी तोंडानें खोटें बोललों नाहीं, किल्लीकडून बोलविलें. एवढ्यावर थांबलों असतों तरी बरें. परंतु भोंवतीं चार माणसें जमलेलीं पाहून मला चेव आला, आणि ‘महिन्याचे पांच रुपये घेतां ते झोंपा काढण्याचे काय?’ असें मी बोलून गेलों. मामांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं फक्त कंदील खालीं ठेवला.

पोलीस-चौकीवर हवालदारानें पहिला प्रश्न केला तो सायकलीच्या क्रमांकाचा. प्रत्येक सायकलीच्या चौकटीवर, सीटखालच्या नळीला किंवा पायट्यांच्या आंसाखालीं, एक क्रमांक ठोकलेला असतो, हें मला त्या दिवशीं समजलें. चार वर्षें त्या सायकलीवर बसलों, पण एकदांहि वांकून तो पाहिला नव्हता. वडील आदल्याच वर्षीं वारले होते. त्यांच्या पेटींत बिल शोधलें, मिळालें नाहीं. क्रमांक ठाऊक नसलेली काळी चोवीस इंची सायकल शोधणें म्हणजे काय, हें हवालदारानें शब्दाविना, दोन्ही हात रुंद पसरून मला समजावून दिलें. सायकल अर्थातच मिळाली नाहीं.

पंधरा दिवसांनीं एका रविवारीं सकाळीं मामा आमच्या घरीं आले. धुतलेलें धोतर, डोक्याला टोपी. आईनें त्यांस चहा दिला. चहा घेऊन झाल्यावर त्यांनीं खिशांतून चार घड्या घातलेल्या नोटा काढून माझ्यापुढें ठेवल्या. ‘गुरुजी, साडेपांचशेंची सायकल. एकदम होणार नाहीं. महिन्याला पंचवीस देत जाईन.’

साडेपांचशें हा आंकडा मींच त्या सायंकाळीं रागाच्या भरांत सांगितला होता. मामांचा पगार किती हें मला ठाऊक नव्हतें, पण पंचवीस रुपये ही त्यांच्या घरीं लहान रक्कम नव्हती हें त्यांच्या पायांतल्या वहाणा सांगत होत्या. स्टँडच्या फळीवर ठेकेदारानें मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलें होतें कीं, सायकल धन्यानें आपल्या जबाबदारीवर ठेवावी. म्हणजे लेखी करारानें मामांवर कांहींहि येत नव्हतें. पण मामांस वाचतां येत नव्हतें; आणि वाचतां आलें असतें तरी त्यांनीं ती फळी मानली असती असें मला वाटत नाहीं.

‘घे,’ दादा मला आंत नेऊन म्हणाला. ‘राखणीचे पैसे घेतात, राखण केली नाहीं. यांत अन्याय काय?’

अन्याय काय, हें त्या घरांत फक्त मलाच ठाऊक होतें. दुसऱ्याच्या विश्वासानें ठेवलेल्या वस्तूस आपल्या धर्मशास्त्रांत ‘निक्षेप’ म्हणतात. मनूनें न्यायाचीं जीं अठरा प्रकरणें सांगितलीं त्यांत कर्जाच्या लगत दुसरें नांव निक्षेपाचें येतें, आणि त्याच्या लगत तिसरें नांव, जो धनी नव्हे त्यानें केलेल्या विक्रीचें. म्हणजे ठेवलेली वस्तु आणि चोरबाजार यांचें शेजारपण प्राचीन आहे. ठेव सांभाळणाऱ्याकडून ती चोरांनीं नेली तर त्याजकडून भरून घेऊं नये, असा मनु आणि याज्ञवल्क्य या दोघांचाहि निर्णय आहे. हा निर्णय मला ठाऊक होता, मामांस नव्हता. शिवाय ठेव ठेवणाऱ्यानेंच दार उघडें टाकलें होतें, हें तर मनूलाहि ठाऊक नव्हतें. मीं हें कांहींएक न बोलतां नोटा उचलल्या.

त्या नोटा मीं सौभाग्यवतीच्या हातीं दिल्या. आमच्या लग्नाला तेव्हां वर्ष झालें होतें. मोठ्या घरांत नवी सून बोलत नसे. तिनें नोटा देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यांत ठेवल्या. पुढच्या महिन्यांत मामा पुन्हां आले, त्यापुढच्या महिन्यांतहि आले. मी रोज स्टेशनापर्यंत चालत जाऊं लागलों होतों. दिवाळीच्या सुमारास पतपेढीचें कर्ज काढून दुसरी सायकल घ्यावयाची ठरली, तेव्हां डब्यांतले पैसे मागितले. ती म्हणाली, ‘ते नाहीं मिळायचे. ते आपले नव्हेत.’ मी अधिक विचारलें नाहीं. न विचारण्यांत माझा फायदा होता.

मामा बावीस महिने येत राहिले. एकदां पुरांत ओढा ओलांडून आले, एकदां अंगांत ताप असतांना आले. जून १९८६ मध्यें त्यांनीं शेवटचे पंचवीस रुपये ठेवले आणि म्हणाले, ‘झालं गुरुजी. आतां तुमच्या सायकलीकडं सरळ बघता येईल.’ त्या क्षणीं त्यांच्या चेहऱ्यावर मला तेंच कण्वांचें समाधान दिसलें. मी मात्र त्यांच्याकडे सरळ पाहूं शकलों नाहीं.

पुढच्या वैशाखांत मामांच्या मुलीचें लग्न निघालें. जातांना सौभाग्यवतीनें एक लुगडें आणि एक पाकीट बरोबर घेतलें. आपल्याकडे आहेर वहींत लिहितात आणि लिहितां लिहितां मोठ्यानें वाचतात. ‘गुरुजींच्याकडून लुगडं आणि पांचशें एक्कावन रुपये,’ असा पुकारा झाला तेव्हां मांडवापलीकडून मामांनीं मान वर करून आमच्याकडे पाहिलें. पैसे परत दिले असते तर त्यांनीं घेतले नसते. आहेर मात्र कोणास परत करतां येत नाहीं. ही युक्ति मला सुचली नव्हती.

असो. मामांनीं त्यानंतरहि पुष्कळ वर्षें स्टँड सांभाळला. २००९ सालीं ते वारले. मी त्यांच्या अंत्ययात्रेस गेलों होतों. कुलुपाची गोष्ट तोंवर सांगावयाची राहूनच गेली होती.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरीं असतो. २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों. तेथें मीं जें पाहिलें त्याचें वर्णन मामांपुढें करावयास मिळतें तर किती बरें झालें असतें! स्टेशनापुढच्या चौकाखालीं तीन मजली सायकलघर आहे. तें २०१९ सालीं पुरें झालें. त्यांत १२,६५६ सायकली राहतात, आणि जगांतील सर्वांत मोठें सायकलघर अशी त्याची ख्याति झाली. सायकलीवर बसूनच आंत शिरावयाचें. कोणत्या रांगेंत जागा रिकामी आहे हें दिव्यांच्या पाट्या सांगतात. रॅक दुमजली, वरचा ओढून खालीं घ्यावा, सायकल चढवावी, पुन्हां आंत लोटावा. येतांना यंत्राला कार्ड टेकवावयाचें आणि जातांना पुन्हां टेकवावयाचें. पहिले चोवीस तास भाडें नाहीं. आम्स्टरडॅमच्या मुख्य स्टेशनासमोर तर त्याच वर्षाच्या जानेवारींत पाण्याखालीं सात हजार सायकलींची जागा खुली झाली होती. तेथेंहि कित्येक लोक माझ्याप्रमाणें दोन सायकली बाळगतात, एक घरच्या स्टेशनाला आणि एक कामाच्या, असें कळलें तेव्हां मला आपलेपणा वाटला. आणि एवढें वैभव असूनहि त्या देशांत सायकलचोरांचा उपद्रव मोठा आहे, हेंहि मुलानें सांगितलें.

त्यानें आपली जुनी सायकल मला वापरावयास दिली होती. मागच्या चाकाला घोड्याच्या नालासारखें कुलूप, अगदीं तेंच. सायकल रांगेंत लावली आणि मी किल्ली ओढूं लागलों. निघेना. मुलगा मागून म्हणाला, ‘बाबा, आधीं कुलूप लावा. लावल्याशिवाय किल्ली निघत नाहीं.’

मी कांहीं वेळ तसाच उभा राहिलों. एकोणचाळीस वर्षांपूर्वीं माझ्या किल्लीनें जें सांगितलें तें या किल्लीला सांगतांच आलें नसतें.

त्या रात्रीं मीं सौभाग्यवतीला सगळें सांगितलें. ती पांघरुणाची घडी उलगडीत होती. हात न थांबवितां म्हणाली, ‘मला तेव्हांच कळलं होतं. आठ दिवस कुलूप अडतं म्हणून कुरकुरत होतात. तेलाची बाटली उंबऱ्याशीं ठेवली होती, ती तशीच होती. म्हणून तर त्या पैशांना हात लावला नाहीं.’

‘मग बोलली कां नाहींस?’

‘मी कशाला बोलायचं? तुम्ही सांगायचं होतं. मला नव्हे, मामांना.’

परत आल्यावर मी मामांच्या मुलाकडे गेलों. तो स्टेशनासमोर सायकल-दुरुस्तीचें दुकान चालवितो. त्याला सगळी हकीकत सांगितली. तो हातांतलें चाक फिरवीत ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘गुरुजी, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे कीं जन्मांत एकच सायकल माझ्या हातून गेली. आतां हें त्यांना कसं कळवायचं?’ त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. प्रश्न होता, आणि त्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

वाचकहो, वृद्ध मास्तराच्या या कबुलीजबाबाचा तुम्हांस उपयोग काय, असें तुम्ही विचाराल. व्यवहाराच्या गोष्टी थोड्या आहेत. आपल्या सायकलीचा चौकटीवरील क्रमांक आजच लिहून ठेवा आणि बिल जपून ठेवा. त्यांवाचून चोरीला गेलेली वस्तु सांपडली तरी ती आपली म्हणून सांगतां येत नाहीं. केवळ चाकाच्या कुलपावर विसंबूं नका; तशी सायकल कोणी उचलून खांद्यावर टाकूं शकतो. साखळी चौकटींतून ओंवून एखाद्या पक्क्या खांबास बांधा. चार पैसे वांचविण्यासाठीं कुंपणाला सायकल टेकवून जाऊं नका. जेथें राखणारा मनुष्य आहे तेथेंच ठेवा. आणि यायला उशीर होणार असेल किंवा कुलूप बिघडलें असेल, तर तें त्या मनुष्यास सांगून जा. शेवटली सूचना देण्याचा अधिकार मला इतरांहून अधिक आहे.

परंतु यापलीकडे एक गोष्ट आहे. कुलूप, क्रमांक, यंत्र हीं साधनें आवश्यक आहेत. पण त्यांनीं वस्तु राखली जाते ती कोणी तरी तिच्याविषयीं स्वतःस उत्तरदायी मानतो म्हणून. २०१७ च्या डिसेंबरांत पुण्यांत भाड्यानें मिळणाऱ्या सार्वजनिक सायकली आल्या. त्यांचीं कुलुपें मोबाइलनें उघडत. यंत्रविद्येंत कांहींहि उणें नव्हतें. तरी थोड्याच काळांत कित्येकांचीं कुलुपें फुटलीं, सीटें गेलीं, कांहीं नदीकांठीं पडलेल्या दिसल्या, आणि त्या योजना गुंडाळल्या गेल्या. त्यांचें तोंड ओळखणारा कोणी मामा नव्हता, आणि उचलणाऱ्यालाहि ‘ही अमक्याची’ असें वाटण्याजोगें कांहीं नव्हतें. ठेव राखणारा आणि ठेव ठेवणारा अशा दोघांचा प्रामाणिकपणा मिळून एक कुलूप होतें. त्यांतली अर्धी बाजू मामांनीं बावीस महिने एकट्यानें पेलली.

आमच्या स्टेशनाबाहेरचा स्टँड आतां मोटारसायकलींनीं भरून गेला आहे. सायकलींस एक कोपरा उरला आहे. त्यावर छप्पर नाहीं, आणि सायकलीचें भाडें थोडें म्हणून ठेकेदाराच्या माणसांस तिचें अगत्यहि थोडें. स्टेशनाच्या दाराशीं सर्वांत जवळची, छपराची आणि उजेडाची जागा सायकलवाल्यास मिळाली पाहिजे, अशी विनंति मीं रेल्वेकडे लेखी पाठविली आहे. सायकलीनें स्टेशनावर येणारा मनुष्य धूर करीत नाहीं, जागा थोडी अडवितो आणि बहुधा त्याचा खिसाहि हलका असतो. त्याची ठेव सांभाळणें हें फार मोठें मागणें नव्हे.

मी अजून महिन्यांतून दोनतीनदां पुण्याला जातों आणि स्टेशनापर्यंत सायकलनेंच जातों. त्या कोपऱ्यांत एक नवा मुलगा बसतो. माझें तोंड त्याला अद्याप ओळखीचें झालेलें नाहीं. परवां सायकल लावली, कुलूप दाबलें, किल्ली काढली. गाडी फलाटाला लागत होती. तरी मी एकदां मागें वळलों, चाक हलवून पाहिलें, आणि त्या मुलाकडे जाऊन म्हणालों, ‘बाळ, कुलूप लावलें आहे. खरोखरच लावलें आहे.’ तो माझ्याकडे पाहातच राहिला. गाडी चुकली. पुढची पाऊण तासानें होती.